थंडीच्या तोंडावर : कोळशाचा स्टोव्ह नेमका कधी पेटवावा?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

शरद लागला की या सदराकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत एकच शंका असते : स्टोव्ह आत्ता पेटवावा की आणखी थांबावं? यंदा त्यातले निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत. उत्तरांत ‘स्टोव्ह’ म्हणजे घट्ट बंद होणारं दार, खाली हलणारी जाळी आणि राखेचा ट्रे असलेला, धुराड्याला जोडलेला लोखंडी स्टोव्ह. उघडी शेगडी बंद खोलीत जळती ठेवणं जीवघेणं आहे, तिला यातलं काहीही लागू नाही. वेगळं सांगितलं नसेल तिथे कोळसा म्हणजे अँथ्रासाइट, म्हणजे कठीण, चमकदार, जवळजवळ धूर न करणारा दगडी कोळसा.

प्रश्न : सध्या पहाटे पारा ७ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी २०पर्यंत चढतो. सकाळी घर गारठलेलं असतं, अकरानंतर बरं वाटतं. स्टोव्ह पेटवायची वेळ झाली का?

अजून नाही. पहाटेच्या पाऱ्यावरून ठरवू नका, तो हमखास फसवतो. लाकडाचा विस्तव सकाळी दोन तास करून विझू देता येतो. कोळशाचं तसं नाही. अँथ्रासाइटने नीट पेट घ्यायलाच तास-दीड तास जातो आणि एकदा पेटला की तो रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे चालवायचा असतो. मध्येच विझला तर अर्धवट जळलेला सगळा थर उपसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून सकाळी किती थंडी वाजते हे बाजूला ठेवा आणि वेगळा हिशेब करा. तुमचा स्टोव्ह न विझता ज्या सर्वांत मंद आचेवर चालू शकतो, तेवढी ऊब तुमचं घर चोवीस तास पचवू शकतं का?

हा हिशेब मांडायला सोपा आहे. एक किलो चांगल्या अँथ्रासाइटमध्ये साधारण ८ किलोवॉट-तास उष्णता असते. बऱ्या स्टोव्हमधून तिच्यातली ७० टक्के घरात येते, बाकीची धुराड्यातून जाते. समजा तुमचा स्टोव्ह मंद आचेवर दिवसाला ९ किलो खातो. म्हणजे घरात रोज सुमारे ५० किलोवॉट-तास येणार, दोन किलोवॉटचा हीटर अखंड चालू ठेवल्यासारखं. सरासरी १४ अंश असलेल्या दिवशी एवढी उष्णता बहुतेक घरांना जास्त होते. दुपारी खिडक्या उघडाव्या लागतात आणि कोळसा अंगण तापवतो.

आता घराची भूक काढा. गेल्या हिवाळ्यातला एखादा आठवडा आठवा, ज्यात बाहेरची सरासरी ० अंश होती, आत २० अंश राखले होते आणि रोज २४ किलो कोळसा लागला. वीस अंशांच्या फरकाला २४ किलो, म्हणजे अंशाला १.२ किलो. किमान आच ९ किलोची, तिला १.२ने भागलं की साडेसात अंश. वीसातून साडेसात वजा केले की साडेबारा. स्वयंपाक, माणसं, दिवे आणि खिडकीतून येणारं ऊन यांचीही थोडी उष्णता घराला मिळत असते, म्हणून आणखी एक अंश खाली या. या घराचा आकडा झाला साधारण साडेअकरा. तुमच्या पत्रातली सरासरी, म्हणजे सात आणि वीस यांची बेरीज भागिले दोन, साडेतेरा येते. थांबा.

आकडा गाठला म्हणून लगेच काडी ओढायची नाही. सलग तीन-चार दिवसांची सरासरी त्याच्या खाली राहिली पाहिजे आणि पुढच्या आठवड्याच्या अंदाजातही तेच दिसलं पाहिजे. शिवाय दुपारचा पारा १३-१४च्या वर जात नसावा. ही दुसरी अट उबेसाठी नसून धुराड्यासाठी आहे. तिचं कारण खाली येईलच, आणि दोन अटींपैकी एकच पाळता येत असेल तर ही पाळा.

प्रश्न : घरात आणि या स्टोव्हबरोबर आमचा हा पहिलाच हिवाळा. मागच्या वर्षीच्या नोंदी नाहीत. आकडा कसा काढावा?

पहिल्या वर्षी दिवसाची सरासरी १० अंशांच्या खाली स्थिरावली की सुरू करा. स्टोव्हच्या माहितीपुस्तिकेत किमान आच किती ते बहुधा दिलेलं असतं. पेटवल्यावर रोजच्या बादल्या मोजा. दहा लिटरच्या बादलीत साडेआठ किलोच्या आसपास कोळसा बसतो, पण एकदा वजन करून खात्री करा, कारण खड्यांच्या आकारानुसार फरक पडतो. कमाल तापमान, किमान तापमान, घरातलं तापमान आणि कोळशाचे किलो, एवढे चार आकडे वहीत रोज लिहा. तीन-चार आठवड्यांत तुमच्या घराचा ‘अंशाला किती किलो’ हा आकडा हाती येईल. भाडेकरू बदलले, खिडक्या बदलल्या किंवा छतावर उष्णतारोधक थर टाकला, तर तो पुन्हा काढावा लागेल.

प्रश्न : गेल्या शरदात एका उबदार दुपारी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. त्या आधी आणि नंतर कडाक्याच्या थंडीत तोच स्टोव्ह विनातक्रार चालला. स्टोव्हमध्ये दोष आहे का?

स्टोव्ह बहुधा ठीक आहे. दोष त्या दुपारचा आणि मंद ठेवलेल्या आचेचा. हे नीट समजून घ्या, कारण पेटवण्याची वेळ चुकल्यावर खरा धोका इथेच असतो.

धुराड्याची ओढ, म्हणजे जळलेला वायू वर खेचून नेणारा जोर, दोन गोष्टींवर चालते : धुराड्याची उंची, आणि आतला वायू बाहेरच्या हवेपेक्षा किती गरम, म्हणजे किती हलका आहे. सहा मीटर उंचीचं धुराडं घ्या. आतल्या वायूचं सरासरी तापमान ८० अंश आणि बाहेर ० अंश असेल तर सुमारे १७ पास्कल (पास्कल हे दाबाचं एकक) ओढ मिळते. बाहेर २० अंश झाले तर ती १२वर येते. हे अजून चालण्याजोगं आहे, कारण कोळशाच्या स्टोव्हला साधारण १० ते १५ पास्कल लागतात. पण उबदार दिवशी तुम्ही हवा कमी करून आच मंदावता, त्यामुळे धुराड्यातला वायूही थंडावतो. तो ४५ अंशांवर आला आणि बाहेर २० असले की ओढ उरते साडेपाच पास्कल, सतराच्या तिसऱ्या हिश्शाइतकी. शून्य अंशाच्या रात्री तेवढीच मंद आच ठेवली असती तरी जवळपास ११ पास्कल मिळाले असते. दोन्ही बाजूंनी एकदम मार बसतो तो फक्त शरदात आणि वसंतात.

एवढ्या क्षीण ओढीला उलटवायला स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा पुरेसा असतो. घर घट्ट बंद असेल तर पंख्याने बाहेर फेकलेली हवा भरून काढायला धुराड्यातूनच हवा आत येऊ लागते आणि तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड. लाकडाचा धूर निदान डोळ्यांना झोंबतो. अँथ्रासाइटच्या वायूला ना रंग ना धूर, आणि कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, ग्लानी ही लक्षणं लोक सर्दी-तापाची समजून पांघरूण घेऊन झोपतात. स्टोव्ह पेटलेला असताना घरातल्या दोघांना एकाच वेळी डोकेदुखी झाली तर आधी सगळ्यांनी घराबाहेर पडा आणि बाहेरूनच मदत बोलवा.

घरच्या घरी करता येण्यासारखी एक परीक्षा : सगळी दारं-खिडक्या लावा, घरातले सगळे एक्झॉस्ट पंखे सुरू करा आणि पेटलेली उदबत्ती स्टोव्हच्या हवेच्या झडपेजवळ धरा. धूर आत ओढला जायला हवा. तो घुटमळला किंवा खोलीकडे वळला तर स्टोव्हच्या खोलीत बाहेरची हवा आणणारी कायमची जाळीदार वाट लागेल. एक किलो कोळसा जळायला किमान ९-१० घनमीटर हवा लागते, प्रत्यक्षात दीडपट-दुप्पट जाते. म्हणजे मागणी फार मोठी नाही, पण ती कुठून तरी भागलीच पाहिजे.

अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ हवा. मागच्या बाजूला छापलेली मुदत बघा. आतला सेन्सर ५ ते १० वर्षांत निकामी होतो, बटण दाबल्यावर वाजला तरी. आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. युरोपच्या ईएन ५०२९१ मानकाचा अलार्म ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग वायू) ६० ते ९० मिनिटांनी वाजतो आणि ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत. म्हणजे थोडी गळती असताना तो बराच वेळ गप्प राहू शकतो. त्यासाठी आकडा दाखवणारा अलार्म घ्यावा आणि शरदात दुपारी एकदा त्याच्याकडे बघण्याची सवय ठेवावी. पडद्यावर शून्याखेरीज काहीही दिसलं तर कारण शोधा.

प्रश्न : ऊब थोडीच हवी म्हणून कोळसा थोडाच घालते, तर विस्तव तासा-दोन तासांत विझतो. भरपूर घातला तर घर भट्टी होतं. मधला मार्ग कोणता?

थर खोल ठेवा, हवा कमी करा. लाकडाची सवय असलेल्यांची इथे हमखास गल्लत होते. अँथ्रासाइटचा प्रत्येक खडा शेजारच्या खड्याच्या उष्णतेवर पेटलेला राहतो. थर बोटभर जाडीचा असेल तर उष्णता चहूबाजूंनी निसटते आणि विस्तव बसतो. स्टोव्ह लहान असो वा मोठा, १५ सेंटिमीटरपेक्षा उथळ थर ठेवू नये. शक्यतो आतल्या विटांच्या वरच्या कडेपर्यंत भरावा. किती कोळसा भरलाय यावर आच ठरत नाही, खालून किती हवा येते यावर ठरते.

शरदात आच आणखी खाली आणायची एक युक्ती आहे : जाळी कमी हलवा. थंडीत जाळी हलवताना ट्रेमध्ये लाल निखारे पडू लागेपर्यंत हलवतात. उबदार दिवसांत त्याच्या जरा आधी थांबा. खाली राखेचा पातळ थर राहिला की हवा अडते आणि जळणारा भाग आपोआप उथळ होतो. पण ओळीने दोन-तीन वेळा असं केलं तर राख गच्च बसते आणि विस्तव मधूनच मरतो. दिवसाआड एकदा तरी पूर्ण हलवणं हवंच. राखेचा पूल तयार झाला असेल तर टोकाला काटकोनात वाकवलेली सळई जाळीच्या खालून फटींत घालून मोकळा करा. वरून खुपसू नका. वरून ढवळल्याने राख सर्वांत तापलेल्या भागात जाते, वितळते आणि तिचे खंगर होतात. असा एखादा खंगर जाळीच्या दात्यांत अडकला की दांडा हलत नाही आणि सगळा थर उपसण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

धुराड्याच्या पाइपमधली हाताची झडप आवळून आच कमी करणं मात्र सक्त टाळा. हवा अडवायची ती आत येतानाच, वायू बाहेर जाताना नाही. ओढ जास्त असेल तर पाइपवर वजनाने झुलणारा बॅरोमेट्रिक डँपर बसवावा. ओढ वाढली की तो खोलीतली हवा धुराड्यात घेतो, कमी झाली की स्वतःच मिटतो.

प्रश्न : पेटवण्याआधी काय काय तपासावं, आणि किती दिवस आधी?

पेटवायची वेळ यायच्या तीन-चार आठवडे आधी. एखादा भाग बदलावा लागला तर तेवढा वेळ हाताशी हवा.

पहिलं लक्ष पाइपकडे द्या. अँथ्रासाइट काजळी जवळजवळ करत नाही, पण भुरकट, पिठूळ राख मागे सोडतो. ती पाइपच्या आडव्या तुकड्यात, कोपरांत आणि स्टोव्हच्या आतल्या आडव्या पत्र्यामागे साठते. कोळशातल्या गंधकाचे क्षार तिच्यात असतात. उन्हाळ्यात-पावसाळ्यात हवेतली ओल शोषून ती आम्लधर्मी होते आणि पत्रा खाते. म्हणून ही सफाई खरं तर हंगाम संपल्यावर आठवडाभरात व्हायला हवी. तेव्हा राहिली असेल तर आता पाइप उतरवा, बाहेर नेऊन झटका, ब्रश फिरवा आणि आडव्या तुकड्याची खालची बाजू, शिवण आणि कोपर पेचकसाच्या टोकाने दाबत जा. टोक आत धसलं किंवा पत्रा बदबद वाजला तर तो तुकडा फेकून द्या. चांगल्या पाइपचा पत्रा निदान ०.६ मिलिमीटर जाड असावा. परत जोडताना प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू लावा आणि आडव्या पाइपला धुराड्याच्या दिशेने मीटरमागे दोन सेंटिमीटर चढ द्या.

धुराड्याच्या तळाचं दार उघडून राख आणि पडझड काढा. आरसा तिरका धरून वर बघा, आकाश दिसलं पाहिजे. न दिसल्यास पक्ष्यांचं घरटं, पडलेली वीट किंवा अडकलेली पानं असतील. छतावरचं टोक धुराडं छतातून बाहेर पडतं तिथपासून किमान ९० सेंटिमीटर वर आणि तीन मीटरच्या परिघातल्या कुठल्याही भागापेक्षा किमान ६० सेंटिमीटर उंच हवं. शेजारी नवी खोली चढली किंवा झाड वाढलं असेल तर हे पुन्हा मोजा.

दाराच्या कडेला फट बंद करणारी दोरी असते, ती तपासायला कागदाची पट्टी चालते. पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटली तर तिथून हवा शिरते आणि आच कधीच मंद होणार नाही. चारी बाजूंना चार-चार ठिकाणी बघा. राखेच्या दाराची दोरी तर जास्तच महत्त्वाची, कारण तिथून आलेली हवा थेट निखाऱ्यांखाली जाते. नवी दोरी त्याच जाडीची घ्या. जाड घेतली तर बिजागरावर ताण येऊन दार विरुद्ध बाजूला उघडं राहतं.

जाळी रिकामी असताना दांडा पूर्ण फिरतो ना ते बघा. विटांना केसासारखी चीर असेल तर चालेल, तुकडा निघाला असेल तर बदला. डँपरचं पान बोटाने ढकलून सोडा, ते अडखळता कामा नये. झाली तपासणी.

प्रश्न : पेटवताना निम्मा दिवस जातो आणि खोलीत धूर होतो. बरोबर पद्धत सांगाल का?

भल्या पहाटे पेटवा. तेव्हा बाहेरची हवा सर्वांत गार असते आणि घर त्या मानाने उबदार, म्हणून ओढ सहज मिळते. दुपारी, विशेषतः बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं धुराडं रात्रीच्या थंडीने अजून गारच असतं आणि बाहेरची हवा तापलेली. मग धुराड्यातली गार, जड हवा खाली येते. वर्तमानपत्राचा एक कागद चुरगाळून पाइपच्या तोंडाशी जाळा. ज्वाळ वर ओढली गेली तर पुढे जा. नाही गेली तर हेअर ड्रायरने पाच-दहा मिनिटं पाइप तापवा आणि पुन्हा बघा.

आता कोरड्या ढलप्या आणि मनगटाएवढी लाकडं रचून, राखेचं दार किलकिलं ठेवून जोरदार विस्तव करा. जाळीभर पाच ते सात सेंटिमीटर जाडीचे लाल निखारे होईपर्यंत कोळशाला हात लावू नका. लोक घाई करतात ती इथेच. लाकडाऐवजी दोन-तीन किलो लाकडी कोळसा वापरला तर निखारे जास्त एकसारखे होतात. रॉकेल किंवा पेट्रोल कदापि नको.

निखाऱ्यांवर तीन-चार सेंटिमीटरचा कोळशाचा पहिला थर पसरा. तडतड ऐकू येईल, मग दहा-पंधरा मिनिटांनी खड्यांच्या मधून छोट्या निळ्या ज्वाळा नाचू लागतील. तो कार्बन मोनॉक्साइड जळतोय, आणि तो स्टोव्हमध्येच जळलेला आपल्याला हवाच असतो. ज्वाळा पसरल्या की दुसरा थर, मग तिसरा, असं करत विटांच्या कडेपर्यंत या. दर वेळी एका कोपऱ्यात लाल निखारे उघडे ठेवा. सगळा विस्तव नव्या कोळशाखाली गाडला तर न जळलेला वायू वर साचतो आणि ठिणगी मिळताच भडका होऊन दार किंवा पाइपचा सांधा उडवू शकतो. उघडा कोपरा हा त्या वायूचा दिवा आहे.

राखेचं दार उघडं असताना खोली सोडून जायचं नाही. फोन वाजला तरी आधी दार लावा. वीस मिनिटांत जाळी लालभडक होऊन वाकते, पाइप रंग बदलतो.

प्रश्न : पेटवल्यावर आठवडाभरात हवामान पालटलं, दुपारी २१ अंश. चालू ठेवावा की विझवावा?

असा एकच दिवस असेल तर चालू ठेवा. सकाळी जाळी नीट हलवा, कोळसा पूर्ण भरा आणि पाइपचा पृष्ठभाग ६५-७० अंशांच्या खाली जाऊ नये एवढी हवा द्या. चुंबकाने चिकटणारं थर्मामीटर यासाठी घ्यावंच. घर तापलं तर स्टोव्हपासून दूरची खिडकी उघडा. दुपारी विस्तव गुदमरवण्यापेक्षा थोडी उष्णता वाया गेलेली परवडली.

अंदाजात दोन दिवसांहून जास्त ऊब दिसत असेल तर विझू द्या. त्यासाठी नवा कोळसा घालणं थांबवा, जाळी हलवा आणि हवा उघडी ठेवा. तो तापून, लवकर जळून गेलेला बरा. हवा बंद करून घुसमटवलेला विस्तव दिवसभर क्षीण ओढीवर कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. पाणी कधीही ओतू नका. लाल कोळशावर पाणी पडलं की वाफेबरोबर हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतात, आणि बिडाच्या जाळीला तडा जातो.

प्रश्न : घरात तान्हं बाळ आणि ऐंशी वर्षांच्या आजी आहेत. सरासरी उतरायची वाट बघत त्यांना गारठ्यात कसं ठेवू?

ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत थंड दिवसांत घरात किमान १८ अंश राखायला सांगितलं आहे, आणि लहान मुलं, वृद्ध, आजारी माणसं यांना त्याहून जास्तही लागू शकतात. पण त्यासाठी सगळं घर तापवणं गरजेचं नाही. त्यांच्या खोलीत एक किलोवॉटचा विजेचा हीटर सकाळी तीन तास लावला तर ३ किलोवॉट-तास होतात. स्टोव्ह त्याच दिवशी पन्नास ओतेल. दुपारी उन्हाच्या बाजूचे पडदे उघडे ठेवा आणि सूर्य कलताच सगळे लावून घ्या, जाड भिंतींच्या घरात याचा फरक रात्रीपर्यंत जाणवतो. स्टोव्हमध्ये सकाळी लाकडाचा छोटा, झणझणीत विस्तव करणं हाही चांगला उपाय. लाकूड कोरडं हवं आणि हवा मोकळी. ओलं लाकूड धुमसत ठेवलं तर धुराड्यात डांबरासारखा ज्वलनशील थर बसतो.

प्रश्न : आमच्याकडे अँथ्रासाइट मिळत नाही, बिट्युमिनस हा मऊ, धूर करणारा दगडी कोळसाच मिळतो. नियम तेच का?

ओढीचे आणि अलार्मचे तेच, बाकी बरेच वेगळे. बिट्युमिनसमध्ये उडून जाणारा ज्वालाग्राही अंश पुष्कळ असतो, त्यामुळे तो लवकर पेटतो आणि संध्याकाळपुरता विस्तवही करता येतो. म्हणून शरदात थोडं आधी सुरू केलं तरी चालतं. पण नवा कोळसा घातल्यावर पहिली वीस-तीस मिनिटं भरपूर वायू आणि धूर सुटतो. त्याला जळायला निखाऱ्यांच्या वरून हवा लागते, तेव्हा दारावरची झडप उघडी ठेवा. थोडा-थोडा आणि एका बाजूला घाला, दुसऱ्या बाजूच्या ज्वाळांनी वायू पेटत राहील. तो फुगून एकजीव होतो, त्यामुळे याला वरून हलकेच फोडावं लागतं. काजळी भराभर साठते. पाइप दर तीन-चार आठवड्यांनी उघडून बघा. तुमचा स्टोव्ह या कोळशासाठी बनलेला आहे ना, ते माहितीपुस्तिकेत आधी पाहा.

प्रश्न : आपोआप कोळसा सरकवणारा, थर्मोस्टॅटवाला स्टोव्ह आहे. त्यालाही एवढं थांबायला हवं?

एवढं नाही. बारीक कोळसा थोडा-थोडा सरकवणारा हा स्टोव्ह फार मंद आचेवर टिकतो, कारण थर्मोस्टॅट ऊब मागत नसतानाही टायमर ठरावीक वेळाने विस्तव जिवंत राहील इतका कोळसा देत असतो. दोन-तीन अंश आधी सुरू करायला हरकत नाही. टायमर फार कमी ठेवला तर विस्तव विझतो. तसं झालं तर एका वेळी थोडंच वाढवत जा. ओढीची अट मात्र यालाही लागू आहे. वीज गेली तर पंखा आणि मोटर थांबतात, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : हंगामाचा कोळसा किती भरावा, कुठे ठेवावा? आणि राखेचं काय करायचं?

पहिल्या उत्तरातला आकडाच वापरा. अंशाला १.२ किलो, आत २०, हंगामाची सरासरी ५ अंश आणि हंगाम १२० दिवसांचा, तर दिवसाला १८ किलो म्हणजे एकूण २,१६० किलो. टनाला साधारण १.२ घनमीटर जागा लागते, म्हणून अडीच-पावणेतीन घनमीटरचा कप्पा पुरे. वर दहा टक्के जास्त भरा. अँथ्रासाइट भिजला तरी बिघडत नाही, पण ओला कोळसा मंद विस्तवावर घालू नका, थर थंडावतो आणि पाइपमध्ये आम्ल वाढतं. बिट्युमिनस साठ्यात आपोआप तापू शकतो. त्याचा ढीग दीड मीटरपेक्षा उंच करू नका, गरम पाइपांपासून दूर ठेवा, आणि जुन्या ढिगावर नवा ओला माल ओतू नका.

राख कोळशाच्या साधारण दहा-बारा टक्के निघते, म्हणजे रोज दोन किलोच्या आसपास. ट्रे रोज रिकामा करा. राख जाळीपर्यंत चढली तर खालून मिळणारा गारवा बंद होऊन जाळी वाकते. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरा आणि ती लगेच घराबाहेर, दगडावर किंवा काँक्रीटवर, लाकडी काहीही जवळ नसेल अशी ठेवा. तिच्यात दोन-तीन दिवस निखारे जिवंत राहू शकतात आणि ते कार्बन मोनॉक्साइड सोडतात, म्हणून पडवीत किंवा गाडीच्या गॅरेजमध्येही नको. लाकडाची राख भाजीच्या वाफ्यात घालतात तशी ही घालू नये, हिच्यात आर्सेनिकसारखी विषारी मूलद्रव्यं असतात. बर्फाळलेल्या पायवाटेवर पाय घसरू नये म्हणून टाकायला ती उपयोगी पडते, बाकीची नेहमीच्या कचऱ्यात, पूर्ण गार झाल्यावर.